रिपोर्ट नॉर्मल आला की स्टॅटिन बंद करायची का?

मार्कंडेय_काठ

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी या सगळ्या पट्ट्यात एक गोष्ट सारखी दिसते. रक्तातली चरबी वाढली म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, अटोरव्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन सुरू होते. तीन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६० वरून ८५ वर येतो आणि "आता नॉर्मल झालंय" म्हणून गोळी थांबते. पुढच्या तपासणीत परत १६०. मधल्या काळात कुणी सांगतं गोळीने लिव्हर जातं, कुणी सांगतं साखर होते, कुणी पाय दुखतात म्हणून सोडून देतं.

माझं मत असं की नॉर्मल रिपोर्ट येतो तो गोळी चालू असते म्हणूनच येतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर गोळी थांबवणं चूक आहे. पण नुसतं मत मांडून भागत नाही. जाणकारांनी नेमकं लिहा: बंद केल्यावर काय होतं, कुणी खरंच बंद करावी, पाय दुखले तर कोणत्या क्रमाने काय तपासायचं. शिवाय आपल्याकडे हृदयाचा डॉक्टर मिरजेला किंवा कोल्हापूरला आणि रोजचा डॉक्टर गावात, त्यातून काय गोंधळ होतात तेही लिहा. आकड्यांसह लिहिलंत तर लोकांच्या उपयोगी पडेल.

हिडकल

चांगला विषय. आधी गोळी काय करते ते.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतात तयार होतं. त्या कामात एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि स्टॅटिन ते अडवते. यकृताला आतून कोलेस्टेरॉल कमी पडलं की ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातला एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की एन्झाइम मोकळं होतं, रिसेप्टर कमी होतात आणि दोन ते चार आठवड्यांत एलडीएल जवळपास जुन्या आकड्यावर येतो. गोळीने यकृताची सवय कायमची बदलत नाही, म्हणून "कोर्स पूर्ण झाला" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

साधारण कुठल्या डोसने किती उतरतो: अटोरव्हा १० मिग्रॅने ३७ ते ३९ टक्के, ४० ने ४९ च्या आसपास, ८० ने ५५. रोसुव्हा ५ ने ४०, १० ने ४६, २० ने ५२ च्या आसपास. डोस दुप्पट केला की फायदा दुप्पट होत नाही, सुमारे ६ टक्क्यांची भर पडते. म्हणून एका पातळीनंतर डोस वाढवत बसण्यापेक्षा इझेटिमाइब हे दुसऱ्या प्रकारचं कोलेस्टेरॉलचं औषध १० मिग्रॅ जोडतात, त्याने उरलेल्यातला आणखी २० टक्क्यांच्या आसपास उतरतो.

वडगावकर

म्हंजे जन्मभर घ्यायची म्हणा की ओ. बीपीच्या गोळीगत.

हिडकल

@वडगावकर, हो, बहुतेकांना तसंच. अपवाद आहेत, ते पुढे लिहितो.

घटप्रभा

थोडं थांबा. पूर्वी एलडीएल १३० पर्यंत चालायचा, मग १०० झाला, आता ७० आणि ५५ म्हणतात. मर्यादा खाली आणत गेलं की आजारी माणसं वाढतात आणि गोळ्या खपतात. ही शंका मनात येणारच, आणि तिचं उत्तर "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" एवढंच असेल तर लोक गोळी सोडणारच. मुद्द्याने उत्तर द्या.

राजहंसगड

@घटप्रभा, शंका रास्त आहे, पण तिची उत्तरं आहेत.

एक, खपाचं. अटोरव्हास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्ये संपलं, रोसुव्हास्टॅटिनचं २०१६ मध्ये. भारतात दोन्ही कित्येक कंपन्या बनवतात. अटोरव्हा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. आता या गोळीत कुणाला मोठा पैसा उरलेला नाही.

दोन, कमी आकडा चांगला कशावरून. काही लोकांत पीसीएसके९ नावाच्या जनुकात असा बदल असतो की त्यांचा एलडीएल जन्मापासून कमी राहतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचा एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होता आणि हृदयविकार ८८ टक्के कमी होता. त्यात कुठलीही गोळी नव्हती.

तीन, आपल्याकडचे आकडे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. धोका कमी असलेल्यांना एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा बीपीसारखा जास्त धोका असलेल्यांना ७० च्या खाली, अटॅक, पक्षाघात किंवा अँजिओप्लास्टी होऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली. मर्यादा माणसागणिक वेगळी आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारा, स्वतः तंबाखू खाणारा पन्नाशीचा माणूस आणि तिशीतली निरोगी मुलगी या दोघांना एकच आकडा लावायचा नाही. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. बायका ती डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि मग धोका कमी धरला जातो.

घटप्रभा

पेटंटचा मुद्दा मान्य. पण अटॅक येऊन गेलेल्याला फायदा आणि न आलेल्याला फायदा सारखा नसणार. तो फरक आकड्यात सांगा.

हिडकल

बरोबर विचारलंत. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मोठा आढावा आला होता, त्यातला हिशोब असा. एलडीएल सुमारे ७७ मिग्रॅने कमी करणारी गोळी १०,००० जणांनी ५ वर्षं घेतली तर:

आधीच हृदयविकार असलेल्यांत सुमारे १,००० जणांचा अटॅक, पक्षाघात किंवा तशी मोठी घटना टळते. आधी काही न झालेल्या पण धोका असलेल्यांत सुमारे ५००.

तोटा: रक्तातल्या तपासणीत दिसणारा खरा स्नायूंचा आजार सुमारे ५ जणांना, मधुमेह नव्याने ५० ते १०० जणांना, मेंदूतल्या रक्तस्रावाचा पक्षाघात ५ ते १० जणांना.

धोका मुळात कमी असेल तर फायदाही कमी, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. अशा माणसाने गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी निवांत बोलावं. कॅल्शियम स्कोअरचा सीटी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा) करून तो शून्य आला, मधुमेह नाही, तंबाखू नाही, घरात लवकर अटॅकचा इतिहास नाही, तर काही वर्षं थांबून परत बघता येतं. एलडीएल १९० च्या वर असेल तर मात्र असली आकडेमोड करत बसायचं नाही, गोळी लागते.

लॅब_टिळकवाडी

तपासणीबद्दल, कारण निम्मे गैरसमज रिपोर्टातूनच निघतात.

बहुतेक ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) पाचवा भाग वजा. एकूण २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २०० असेल तर २४० - ४० - ४० = १६०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, तेव्हा 'डायरेक्ट एलडीएल' मागा. एकूण वजा एचडीएल म्हणजे नॉन-एचडीएल, वरच्या उदाहरणात २००. तो कुठल्याही रिपोर्टावरून घरी काढता येतो. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरायचं.

ताप, डेंग्यू, न्यूमोनिया असल्या आजारात कोलेस्टेरॉल तात्पुरतं खाली येतं. अटॅकनंतर पहिल्या दिवसापलीकडेही तसंच. त्या काळातला "चांगला" रिपोर्ट बघून कुणी गोळी थांबवू नये.

आज ८५ आणि पुढच्या महिन्यात ९२ म्हणजे बिघडलं असं नाही. ५ ते १० टक्के फरक शरीराचा आणि यंत्राचा मिळून होतोच. जमलं तर दरवेळी एकाच लॅबमध्ये करा.

गोळी सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एसजीपीटी (लिव्हरची), साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची) आणि टीएसएच (थायरॉइडची) एवढं करून ठेवलं तर पुढचे वाद वाचतात. नंतर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड, आणि आकडा बसला की ६ ते १२ महिन्यांतून एकदा.

मलप्रभा

टीएसएचला दुजोरा. थायरॉइड कमी काम करत असेल तर एलडीएल त्यानेच वाढतो आणि वर स्टॅटिन दिली की स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. थायरॉइडची गोळी नीट बसल्यावर कित्येकदा एलडीएल आपोआप बराच उतरतो.

आणि बायकांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर स्टॅटिन १-२ महिने आधी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळी चालू असताना दिवस राहिले तर घाबरून जाऊ नका, पण लगेच कळवा. अंगावर पाजत असतानाही ही गोळी नको. लहान वयातल्या मधुमेही मुलींना हल्ली स्टॅटिन दिली जाते, त्यामुळे हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

संकेश्वरी_मिरची

औषधाच्या दुकानाच्या बाजूने लिहिते. सीमाभागातला सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे एकच औषध दोनदा.

मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्जवर एका ब्रँडची रोसुव्हा २० लिहिली. गावी आल्यावर बीपी-शुगरचे डॉक्टर दुसऱ्या ब्रँडची अटोरव्हा ४० लिहितात, कारण जुना कागद कुणी दाखवलेला नसतो. नावं वेगळी, रंग वेगळे, पेशंट दोन्ही घेतो. दोन्ही स्टॅटिन आहेत. स्नायूंचा त्रास होण्याची ही सरळ वाट आहे.

म्हणून स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचू नका, त्याखाली बारीक अक्षरात घटक असतो तो वाचा. शेवटी '-स्टॅटिन' असलेलं औषध एका माणसाला एकच असलं पाहिजे. नायस्टॅटिन हे तोंडातल्या बुरशीचं औषध आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. बऱ्याच कंपन्यांत नावापुढे 'एफ' असेल तर सोबत फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइडचं औषध) असतं, 'गोल्ड' असेल तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं असतात.

या 'गोल्ड' कॅप्सूलचं आणखी एक. दाढ काढायची असली की "रक्त पातळ करायची गोळी बंद करा" असं कुणीतरी सांगतं आणि पूर्ण कॅप्सूल बंद होते. त्यात स्टॅटिनही गेली, आणि स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी दोन्ही औषधंही गेली. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय हे करू नका. ऑपरेशनसाठी स्टॅटिन थांबवायची सहसा गरज नसते.

स्ट्रिप काही १० च्या, काही १५ च्या येतात. महिन्याला १० च्या तीन किंवा १५ च्या दोन. १५ ची सवय असलेल्याला १० ची मिळाली की विसाव्या दिवशी डबा रिकामा होतो आणि पुढचे दहा दिवस "परवा बाजाराला गेल्यावर आणू" मध्ये जातात. जन औषधी केंद्रात घटकाचं नाव आणि मिग्रॅ सांगून मागा, ब्रँड सांगू नका. तिथे बरीच स्वस्त मिळते आणि काम तेच करते.

वडगावकर

अक्का, चिठ्ठीवर ०-०-१ लिवल्यालं असतंय. रातच्यालाच घ्यायची काय सक्ती हाय? रातपाळीवाल्यांनी काय करायचं?

संकेश्वरी_मिरची

सक्ती नाही. सिमव्हास्टॅटिन लवकर शरीराबाहेर जाते आणि यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, म्हणून ती रात्री. अटोरव्हा आणि रोसुव्हा दोन्हींचा असर दिवसभर टिकतो. जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री, कधीही चालते, फक्त वेळ रोज एकच ठेवा. रातपाळी असेल तर उद्यमबागेतल्या कारखान्यातून घरी आल्यावर चहासोबत घेतली तरी चालेल. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

पित्ताचं पांढरं पातळ औषध, ज्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, ते रोसुव्हा घेतल्यावर दोन तास तरी घेऊ नका. त्याने गोळी कमी शोषली जाते.

जांबोटी

अक्का, गजकर्णाच्या गोळ्यांबद्दलही लिहा की. पावसाळ्यात खानापूर भागात नायटा-गजकर्ण घरोघरी असतं.

संकेश्वरी_मिरची

हे फार महत्त्वाचं, बरं झालं आठवण दिलीत. गजकर्णाला हल्ली इट्राकोनॅझोल महिना-महिना चालते. ती ज्या मार्गाने सिमव्हा आणि अटोरव्हा शरीरात मोडतात तोच मार्ग बंद करते, त्यामुळे रक्तातली स्टॅटिन कित्येक पट वाढते. सिमव्हासोबत ती अजिबात चालत नाही. अटोरव्हा असेल तर डोस कमी ठेवतात किंवा तेवढे दिवस थांबवतात. रोसुव्हाला हा अडथळा फारसा नाही. टर्बिनाफिनलाही नाही. घसा-छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिली असेल तर तीच अडचण, ॲझिथ्रोमायसिनने सहसा नाही. त्वचेच्या डॉक्टरांना "मला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे" एवढं एक वाक्य सांगा. आणि तात्पुरती थांबवली तर परत सुरू करायची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या. ती तारीख नसते म्हणूनच कित्येकांची गोळी कायमची सुटते. इट्राकोनॅझोल संपल्यावरही तिचा असर काही दिवस राहतो, म्हणून तारीख डॉक्टरांनीच ठरवावी.

जेमफिब्रोझिल (हेही ट्रायग्लिसराइडचं औषध) आणि स्टॅटिन एकत्र टाळा. ट्रायग्लिसराइडसाठी जोड द्यायचीच तर फेनोफायब्रेट देतात. गाऊटचं कोल्चिसिन चालू असेल तर तेही सांगा.

घटप्रभा

उपयोगी माहिती. आता पाय दुखण्याचं बोला. ते खोटं आहे असं कुणी म्हणू नये. दुखतं त्याला दुखतंच.

हिडकल

खोटं म्हणणार नाही. पण ते गोळीने दुखतंय की दुसऱ्या कशाने, हे शोधल्याशिवाय गोळी सोडली तर माणसाचं नुकसान होतं. क्रम लिहितो.

१) कुठे दुखतं बघा. स्टॅटिनचं दुखणं साधारण दोन्ही बाजूंना सारखं आणि मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून ४ ते ६ आठवड्यांत सुरू होतं. एकच गुडघा, टाच, बोटांचे सांधे, पाठीतून एका पायात जाणारी कळ ही लक्षणं सहसा गोळीची नसतात. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे महिनोन्महिने दुखतात, त्याचा दोष गोळीला देऊ नका.

२) बाकी कारणं. टीएसएच, क्रिएटिनिन, वर सांगितलेली औषधं, दोन स्टॅटिन चुकून चालू आहेत का, दारू.

३) सीके (सीपीके) तपासा, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. लॅबची वरची मर्यादा २०० असेल असं धरा. ८०० च्या आत, म्हणजे चौपटीच्या आत आहे आणि त्रास जाणवतोय: गोळी २ ते ४ आठवडे थांबवून बघा. दुखणं तसंच राहिलं तर ते गोळीचं नव्हतं, परत सुरू करा. दुखणं गेलं तर परत सुरू करून खात्री करा, कमी डोसने किंवा दुसरी स्टॅटिन घेऊन. चौपटीच्या वर असेल तर ६ आठवडे थांबतात. दहापटीच्या वर, म्हणजे २,००० च्या वर गेलं तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे.

४) लघवी काळसर चहासारखी, अंग खूप दुखतंय, उठवत नाही. यात वाट बघायची नाही. गोळी बंद आणि मोठ्या दवाखान्यात. स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो. हे फार क्वचित होतं, पण ओळखता आलं पाहिजे.

५) तरीही त्रास. रोसुव्हा ५ मिग्रॅ एक दिवसाआड. ती शरीरात बराच काळ राहते, त्यामुळे एक दिवसाआडनेही एलडीएल चांगला उतरतो. सोबत इझेटिमाइब. तेही नाही झालं तर बेम्पेडोइक ॲसिड १८० मिग्रॅ. ते स्नायूंत जाऊन काम करत नाही, पण युरिक ॲसिड वाढवू शकतं, म्हणून गाऊटवाल्यांनी जपून. त्यापुढे इंजेक्शनं आहेत, ती महाग आहेत.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० मधला सॅमसन नावाचा प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना १२ बाटल्या दिल्या: चारात स्टॅटिन, चारात बिनऔषधी गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आतलं काय ते न सांगता. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला त्यातला ९० टक्के बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही होता. दुखणं खरंच होतं, पण बहुतेकांत ते गोळी घेतोय या काळजीतून येत होतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली.

ऊसपट्टा_अथणी

सीकेबद्दल एक जोड. ऊसतोड, भांगलण, तालमीतला जोर-बैठकांचा दिवस यानंतर सीके एरवीही हजाराच्या वर जाऊ शकतो. अवजड काम केल्यावर दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन मगच रक्त द्या. कारखान्याच्या हंगामात तोडणी करणाऱ्याचा सीके बघून कुणी स्टॅटिन बंद केली तर तो गोळीवर अन्याय आहे. दंडात इंजेक्शन घेतलं असेल तरी आकडा थोडा चढतो.

लॅब_टिळकवाडी

+१. रक्त घेताना कालचं काम विचारायला हवं, आणि कुणी विचारलं नाही तर आपणच सांगावं.

गोकाक_करदंट

रोसुव्हाच्या डोसबद्दल: अमेरिकेतल्या औषधपत्रकात आशियाई वंशाच्या माणसांना ५ मिग्रॅने सुरुवात करा असं लिहिलं आहे, कारण रक्तातली पातळी आपल्यात सुमारे दुप्पट जाते. त्यामुळे बारीक चणीच्या किंवा वयस्कर माणसाला थेट २० सुरू केली असेल आणि अटॅकसारखं कारण नसेल, तर विचारायला हरकत नाही. किडनी बरीच कमी झाली असेल तर रोसुव्हा १० च्या वर नेत नाहीत. अटोरव्हाला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही.

वडगावकर

लिवरचं काय? सगळ्यात जास्त भ्या त्याचंच घालतात.

मलप्रभा

वडगावकर अण्णा, एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत गोळी चालू ठेवतात. ४० मर्यादा असेल तर १२० पर्यंत. फॅटी लिव्हर असलेल्यांनाही स्टॅटिन देतात, उलट त्यांना हृदयाचा धोका जास्त म्हणून गरज जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच लिव्हरची वारंवार तपासणी करण्याची सूचना काढून टाकली. सुरुवातीला एकदा, पुढे काविळीसारखी लक्षणं आली तर. चालू असलेली कावीळ किंवा बिघडलेलं सिरोसिस यात मात्र नको.

घटप्रभा

आणि साखर? हिडकलनी १०,००० त ५० ते १०० जण लिहिलेत. ते थोडे नाहीत.

हिडकल

थोडे नाहीत, आणि लपवायचंही कारण नाही. ज्यांना होतो ते बहुतेक काठावरचेच असतात: एचबीए१सी ६ च्या आसपास, पोट सुटलेलं, घरात मधुमेह. गोळीने तो थोडा अलीकडे येतो. अशा माणसाला अटॅकचा धोकाही जास्त असतो, म्हणून हिशोब तरी गोळीच्या बाजूनेच पडतो. त्यांनी वर्षातून एकदा एचबीए१सी करावी. मधुमेह आधीच असेल तर साखर वाढेल म्हणून स्टॅटिन सोडणं फार महागात पडतं, कारण मधुमेह्यांचा जीव बहुतेकदा हृदयावरच जातो.

जांबोटी

आता खाण्याकडे येऊ, नाहीतर सगळी मदार गोळीवरच राहील.

पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतो. १६० चा १४० होईल, ७० होणार नाही. ज्याला ७० हवाय त्याने "आधी सहा महिने पथ्य करून बघतो" म्हणून गोळी लांबवू नये, दोन्ही एकदम सुरू करावं.

काय बदलायचं: पाम तेल आणि डालडा पहिल्यांदा. बेकरीतली खारी, बटर, नानकटाई यात तेच असतं. २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आली, पण पाम तेलातली संपृक्त चरबी तशीच आहे. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल चालतात, आलटून पालटून वापरा. भज्यांचं तेल परत परत तापवू नका. इसबगोल दिवसाला १० ग्रॅम, भरपूर पाण्यातून, एलडीएल सुमारे ७ टक्के कमी करतं. गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. जवसाची चटणी उत्तम, ती आपल्या जेवणात आहेच. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पुंडीची भाजी चालू ठेवा.

अर्जुनसाल, लसूण, मेथीदाणे यांना गोळीची जागा घेता येत नाही. आणि 'रेड यीस्ट राइस' नावाचं "नैसर्गिक" चूर्ण ऑनलाइन मिळतं, त्यात जे काम करतं ते मोनॅकोलिन के म्हणजे चक्क लोव्हास्टॅटिन. किती आहे ते पुडीवर नसतं. स्टॅटिनसोबत ते घेऊ नका.

गोकाक_करदंट

कुंद्याचा निकाल लावा. बेळगावात राहून कुंदा बंद म्हणजे फार कठीण शिक्षा 🙂

जांबोटी

कुंद्यात खवा आणि साखर. खव्याने एलडीएल, साखरेने ट्रायग्लिसराइड. सणाला दोन चमचे खा, डबा घरात ठेवू नका. करदंटही त्याच हिशोबात बसवा, डिंक-सुकामेवा असला तरी गूळ आणि तूप आहेच 🙂

राजहंसगड

एक विषय राहिला, आणि आपल्या भागात तो विशेष महत्त्वाचा आहे. काही घरांत एलडीएल जन्मापासूनच १९० च्या वर असतो, त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. खुणा: टाचेमागच्या शिरेवर किंवा हाताच्या पेरांवर कडक गाठी, पापण्यांवर पिवळे चट्टे, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरं कडं, घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत अटॅक. एकाला सापडलं की भावंडं आणि मुलं सगळ्यांची तपासणी करायची, प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी असते.

आपल्याकडे मामाची मुलगी, अक्काची मुलगी करायची पद्धत आहे. दोन्ही बाजूंनी तेच जनुक आलं तर मुलाचा एलडीएल ४००-५०० च्या वर जातो आणि लहानपणीच हृदयविकार होतो. मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर पिवळट गाठी दिसल्या तर त्वचेचा आजार समजून मलम लावत बसू नका, लिपिड प्रोफाइल करा.

लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला आणखी एक चरबीचा कण) हीसुद्धा आयुष्यात एकदा करायची तपासणी. ती घराण्यातून येते, स्टॅटिनने कमी होत नाही. ५० च्या वर असेल तर बाकी सगळं जास्त कडक सांभाळायचं.

ऊसपट्टा_अथणी

थोडं अवांतर. २०२१ मध्ये पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले तेव्हा सगळीकडे तपासण्यांसाठी धावपळ झाली होती. आता त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारची हृदय ज्योती योजना आहे. त्यात सरकारी तालुका इस्पितळात ईसीजी काढून दूरच्या तज्ज्ञाला दाखवतात आणि गरज असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देतात. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ आली तर आधी जवळच्या तालुका इस्पितळात ईसीजी काढा, थेट मिरज-कोल्हापूरची गाडी शोधण्यात तास घालवू नका.

मार्कंडेय_काठ

अवांतर असलं तरी कामाचं. मूळ प्रश्नाकडे परत: मग गोळी खरंच कुणी बंद करायची किंवा कमी करायची?

हिडकल

गर्भधारणा. सीके दहापट किंवा एसजीपीटी तिप्पट आणि परत तपासूनही तेवढंच. वर सांगितलेल्या औषधांच्या काळात तात्पुरती. आयुष्य थोडंच उरलेला गंभीर आजार. थायरॉइडमुळेच एलडीएल वाढला होता आणि तो बरा झाला. कमी धोक्याचा माणूस, ज्याने वजन बरंच उतरवलं, तंबाखू सोडली आणि डॉक्टरांशी बोलून गोळीविना परत बघायचं ठरवलं. पंच्याहत्तरीपुढे नव्याने सुरू करायची का हा चर्चेचा विषय, पण आधीपासून चालू असेल आणि सोसत असेल तर वयामुळे थांबवत नाहीत.

एलडीएल फार खाली, ४० वर आला म्हणून घाबरून थांबवायची गरज नसते. अटॅक झालेल्याला तोच हवा असतो.

वडगावकर

आणि ज्यांनी आधीच सोडून दिल्याय, सहा महिने झाले, त्यांनी परत सुरू करायची तर पयल्यापास्नं तपासण्या करायच्या काय?

हिडकल

डॉक्टरांना भेटून एकदा लिपिड, एसजीपीटी, टीएसएच करा आणि जो डोस आधी सोसत होता तोच परत सुरू करा, हळूहळू वाढवायची गरज नाही. त्रास झाला म्हणून सोडली असेल तर मात्र कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन. स्टेंट किंवा अटॅकवाल्यांनी तपासणीसाठी गोळी थांबवून ठेवू नये, आजच फोन करून विचारा.

मार्कंडेय_काठ

आणि मग ८ आठवड्यांनी परत रक्त. त्याला उपाशी जायला लागतं का? खेड्यातून सकाळच्या पहिल्या बसने उपाशी येणं वयस्कर माणसांना फार जड जातं.

लॅब_टिळकवाडी

नाही लागत. भाकरी खाऊन या, लिपिडला चालतं. फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर परत एकदा १० ते १२ तास उपाशी बोलावतील. उपाशीपोटीची साखर सोबत लिहिली असेल तर तिच्यासाठी मात्र रिकाम्या पोटी यायचं, पाणी चालतं. एचबीए१सी लिहून घेतलीत तर तीही अडचण नाही. रोजची स्टॅटिन त्या दिवशीही नेहमीच्या वेळेला घ्या.